तिच्या पेपरातल्या माझ्या दोन ओळी

आमच्या विद्यापीठाच्या दारात एक मोठा फलक आहे. विद्यापीठाने काय काय मिळवलं ते त्यावर लावतात. कुठला पुरस्कार, कुठलं गाव दत्तक घेतलं, माळावर किती झाडं जगवली, कोणत्या विषयात कोण पहिलं आलं. मी रोज सकाळी त्याच्यासमोरून मेसकडे जाते. इतकी वर्षं जातेय, पण तो फलक मी पहिल्यांदा थांबून वाचला तो एका पोरीचा फोटो त्यावर लागला तेव्हा. त्या पहिल्या नंबरात दोन ओळी माझ्या होत्या, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

मी मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये भाकऱ्या करते. माहेर कर्जतकडचं, सासर नगरच्या जवळचं. बारावी पास झाले त्याच मे महिन्यात लग्न झालं आणि शिक्षणाचा विषय मिटला. रोज किती भाकऱ्या होतात असं कोणी विचारलं तर मी सांगते, मोजत नाही, मोजल्या की थापवत नाहीत. माझा स्वभाव तिखट आहे. हे मला सांगायला लोक लांबून लांबून येतात.

विद्यापीठावर माझा जीव आहे, म्हणून त्याची चेष्टा करायचा हक्कही माझाच, असं मी धरून चालते. बाहेरची समिती तपासणीला यायची म्हटलं की इथे नुसती लगीनघाई उडते. भिंतींना रंग, झाडांना चुना, शिपायांना नवे बूट. एकदा चाकाच्या खुर्च्यांसाठी आठ दिवसांत रॅम्प बांधला आणि शोभेसाठी त्यावर दोन्ही बाजूंनी कुंड्या मांडल्या. खुर्ची जायला जागाच उरली नाही. पण शिपायाची वाट न बघता पदर खोचून त्या कुंड्या हलवणारी बाईही ह्याच विद्यापीठाची होती. त्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या केंद्राच्या मॅडम. त्या दिवसापासून मी त्यांच्या चहात साखर विचारून घालायला लागले, एरवी मी कोणाला विचारत नाही.

आणखी एक सांगते. दिवाळीत सगळीकडची होस्टेलं बंद होतात, आमचं होत नाही. आमच्याकडे पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी पोरी असतात. त्यांचे आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला कारखान्यावर जातात आणि घराला कुलूप असतं. सुट्टी लागली तरी त्या जाणार कुठे? एका वर्षी रेक्टरबाईंनी हा प्रश्न वर नेला आणि तेव्हापासून दिवाळीत होस्टेल उघडं राहतं. मेसमध्ये आम्ही चकल्या पाडतो आणि पोरी कढईभोवती गोळा होऊन कच्च्याच पळवतात. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. माझ्या हातात असतं तर मी तेच सगळ्यात वर लिहिलं असतं. मी स्वतः अशा कुलूप लावलेल्या घरातली आहे, म्हणून म्हणते.

आता त्या पोरीबद्दल. ती राजूरच्या पलीकडच्या एका वाडीवरून आली. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. वडील सोडायला आले होते. तिची पेटी खोलीत ठेवून झाली, सह्या झाल्या, तरी ते होस्टेलच्या पायरीवर बसूनच राहिले. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, जावा आता, गाडी चुकंल." ते उठले, चार पावलं गेले, परत आले आणि मला म्हणाले, "बाई, हिला भात आवडतो." एवढंच सांगून गेले. मला वाटलं, चला, पोरगी गरीब दिसते, हिला जीव लावू.

गरीब कसली! पहिल्याच जेवणाला आमचं वाजलं.

आमच्या मेसची रीत अशी की मागितल्यापेक्षा ताटात थोडं जास्त पडलंच पाहिजे. पोरगी "पुरे" म्हणाली की अजून अर्धी पळी. माझी आई ऊसतोडीच्या तळावर पाचटाच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवर रांधायची तेव्हासुद्धा वाढताना हात आखडायची नाही. तीच सवय माझ्या हाताला आहे. मी तिच्या ताटात आणखी आमटी वाढायला गेले तर तिने ताटावर हात आडवा धरला. गरम आमटी तिच्या बोटांवर सांडली. मी ओरडले, ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली.

"मावशी, मागितलं तेवढंच वाढा की!"

"अगं घे गं पोरी, किती वाळलीस."

"मी वाळल्याली हाय का न्हाई ते माझं मला ठावं. आमटी नगं म्हंजी नगं."

सगळी मेस बघत होती. बाकीच्या पोरी मला जरा टरकून असतात आणि ही काल आलेली मला सगळ्यांसमोर सुनावत होती. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिलाही काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "शेंगा फोडायच्या असतील तर द्या, बसून कटाळा आला." मी परात पुढे सरकवली. अशी आमची दिलजमाई झाली, कोणी माफी न मागता.

पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या मॅडम धापा टाकत मेसमध्ये आल्या. दिसत नसलेल्या मुलांना पेपर लिहायला माणूस देतात, त्याला लेखनिक म्हणतात. विद्यार्थ्याने सांगायचं आणि लेखनिकाने लिहायचं. तिच्यासाठी ठरवलेली अकरावीतली मुलगी तापाने फणफणली होती. मॅडमनी विचारलं, "तुमच्यापैकी बारावीपर्यंत शिकलेलं, पण त्यापुढे न शिकलेलं कोणी आहे का?" लेखनिक हा विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागतो, नाहीतर तोच शहाणपणा करून उत्तरं लिहील अशी भीती. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. कमी शिकल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला तो त्या दिवशी.

नवऱ्याने घरातल्या ट्रंकेतून माझी बारावीची गुणपत्रिका शोधून मोबाईलवर तिचा फोटो पाठवला. मॅडमनी कागद केले. मी हाताचं पीठ धुऊन परीक्षेच्या खोलीत गेले. माझा आवाज ऐकून ती दचकली.

"मावशी, तुमी?"

"व्हय, मीच. आता बोल. आन सावकाश बोल, मी भाकरी थापनारी हाय, टायपिंगवाली न्हाई."

पर्यवेक्षक सरांनी नियम वाचून दाखवला. विद्यार्थी सांगेल तेवढंच आणि तसंच लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय.

त्यानंतर तिने दुसरा लेखनिक घेतलाच नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशीचं अक्षर कसं हाय मला ठावं न्हाई, पन त्या मधी मधी खोकत न्हाईत." दुपारी मेस आवरली की चार वाजेपर्यंत मी तिला पुस्तकं वाचून दाखवायची. ती ते मोबाईलवर भरून घ्यायची आणि पुन्हा पुन्हा ऐकायची. तिचा विषय राज्यशास्त्र. त्यामुळे मी तांदूळ निवडता निवडता राज्यघटना वाचली, पंचायत राज वाचलं, मूलभूत हक्क वाचले. हक्क वाचून झाल्यावर मी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले, आजपासून चहा तुम्ही करायचा. तो अजून करतो, पाणचट करतो, पण करतो. पुढे मी स्वतःही बाहेरून बी.ए.चा अर्ज भरला आणि आता दुसऱ्या वर्षाला आहे. हे लिहायचं धाडसही त्यातूनच आलं. पण तो पेपर झाला तेव्हा मी फक्त बारावी पास होते.

तो पेपर म्हणजे तिच्या शेवटच्या वर्षाचा, स्थानिक स्वराज्य संस्थांवरचा. एक मोठा प्रश्न आला, गावच्या कारभारात स्त्रियांचा सहभाग. तिने झकास उत्तर सांगितलं. आरक्षण कधी आलं, का आलं, कुठे अडतं. मी लिहीत होते, पण माझं डोकं घरी गेलं होतं. माझी सासू पाच वर्षं सरपंच होती. खुर्चीवर ती बसायची, पण शिक्का सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. ठराव कसला आहे हे तिला सही करून झाल्यावर कळायचं, कधी कधी तेही नाही. एकदा मी तिला म्हणाले, आत्या, सही करायच्या आधी तो कागद सगळ्यांसमोर वाचून तरी घेत जा. तिने तसं केलं, आणि त्या दिवशी गावात नुसता गोंधळ झाला होता. गोंधळ चांगल्यासाठीच झाला होता.

हे पोरीच्या उत्तरात नव्हतं. ती "पूर्णविराम" म्हणाली आणि पुढच्या प्रश्नासाठी डोळे मिटून विचार करत बसली. सर दाराशी पुरवण्या मोजत होते. पानावर खाली रिकामी जागा होती. मला ती जागा अर्धवट वाढलेल्या ताटागत दिसली. आणि मी लिहून टाकलं: "स्त्री सरपंच असली तरी शिक्का पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून सही करण्याआधी तिने तो ठराव ग्रामसभेत मोठ्याने वाचून घेतला पाहिजे."

अर्ध्या मिनिटाचं काम. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, पोरीच्या ताटात चांगलं काही पडलं म्हणून.

निकाल लागला आणि ती विषयात पहिली आली. एका मार्काने. दुसरी आली ती कोल्हारकडची एक शेतकऱ्याची मुलगी, तिच्याच वर्गातली. विद्यापीठात नुसता आनंदीआनंद. गेटवरच्या वॉचमननी स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. कुलगुरूंनी तिला शाल दिली. वडील राजूरहून आले, पुन्हा त्याच पायरीवर बसले. मी त्यांना भात वाढला. आणि तिचा फोटो फलकावर लागला.

मी तो वाचला आणि ते "एका मार्काने" माझ्या डोक्यात घुसलं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. भाकऱ्या तव्यावर चिरायला लागल्या. दोनदा मीठ विसरले. बरोबरच्या बायका म्हणाल्या, हिला दृष्ट लागली. मी मनाशी हिशेब घालत बसायची की दोन ओळींना कितीसे मार्क मिळणार, काही नाहीच, तपासणाऱ्याने वाचल्याही नसतील. मग वाटायचं, आणि वाचल्या असतील तर? कोल्हारची पोरगीही ह्या पोरीसारखी एम.ए.च्या प्रवेशासाठी होस्टेलवरच थांबली होती; तिला मी ताट वाढायची तेव्हा तिच्याकडे बघवायचं नाही. तिला मी तीन दिवस लागोपाठ जास्त भाजी वाढली. तिने खाल्ली, बिचारीला काय माहीत.

त्यातच मूल्यांकन समिती येणार असल्याचं पत्र आलं. समाजातल्या सगळ्यांना बरोबर घेण्याबद्दल विद्यापीठाने काय केलं, असं एक प्रकरण त्यांच्या कागदपत्रांत असतं. मॅडमनी ठरवलं की लेखनिकाकडून लिहिलेला पेपर कसा असतो हे समितीला दाखवायचं, आणि पहिल्या आलेल्या पोरीचाच दाखवायचा. तिने अर्ज केला आणि उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळाली. ती झेरॉक्स घेऊन दुपारी सरळ माझ्याकडे आली.

"मावशी, वाचा की. मी येवढं पेपर दिलं, पन माझा पेपर मला कधी ऐकायलाच मिळाला न्हाई."

परीक्षा देताना ती सांगत जायची आणि ते कागदावर जायचं. कागदावर काय गेलं हे तिला कोणी कधी वाचून दाखवलं नव्हतं. तीन वर्षं. माझ्याही हे कधी डोक्यात आलं नव्हतं आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मी वाचायला लागले. ती पीठ चाळायच्या स्टुलावर बसून ऐकत होती, मध्येच हसत होती, "हे बरं सांगितलं मी," म्हणत होती. मला पुढचं पान दिसत होतं. माझ्या दोन ओळींखाली तपासणाऱ्याने रेघ मारली होती, आणि समासात लिहिलं होतं, "छान."

त्या ओळी गाळून पुढे जाणं माझ्या हातात होतं. कोणाला कळलं असतं? तिला दिसत नव्हतं, मॅडमना पेपर मुखपाठ नव्हता. तो फोटो तसाच राहिला असता, ती शाल तशीच राहिली असती. मी थांबले. ती म्हणाली, "काय झालं, पान चिकटलं का?" आणि मला तिला फसवता आलं नाही. तिच्यासमोर बसून, तिलाच तिचा पेपर खोटा वाचून दाखवायचा, एवढी हिंमत माझ्यात नाही. मी त्या दोन ओळी वाचल्या.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"ह्ये मी सांगितलं न्हवतं."

"न्हवतं."

"मंग?"

"मीच लिवलं. जागा हुती."

माझा स्वभाव असा की चूक माझी असली तरी आवाज माझाच चढतो. मी म्हणाले, "येवढं काय झालं त्यात? खोटं लिवलं का मी? खरंच हाय ते!"

"खरं असंल," ती म्हणाली. "पन माझं न्हाई. मी मागितलं हुतं का तुमाला?"

मग ती जे बोलली ते अजून माझ्या मनात टोचतं. म्हणाली, "मावशी, पहिल्या दिसापासून वर्गातली पोरं म्हनत्यात, आंधळीचं काय, तिला कुनीतरी लिवून देतं. मी तीन वर्षं म्हनत आले, न्हाई, माझं मी सांगती. आता काय म्हनू?" आणि ती काठी न घेताच उठली, दारावर आपटली, मी धरायला गेले तर हात झटकून निघून गेली. मी परातीसमोर बसून हमसून हमसून रडले. लग्नानंतर पाठवणीला रडले नव्हते तेवढी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून आली आणि म्हणाली, "चला, मॅडमकडं." मी पदराला हात पुसत तिच्यामागे गेले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. परीक्षा विभागाचे एक साहेब तिथे बसलेले होते. ते म्हणाले, "अहो, दोन वाक्यांनी काय होतंय? आणि समिती पुढच्या आठवड्यात येतेय, आत्ता हे कशाला उकरून काढायचं?" मॅडम त्यांच्याकडे न बघता पोरीला म्हणाल्या, "हे बघ, हे लेखी दिलंस तर चौकशी होईल. नियमाने तुझा सगळा पेपरही रद्द होऊ शकतो. वर्ष जाईल. पुढचा प्रवेश अडकेल. मी तुला दे असंही म्हणणार नाही आणि देऊ नको असंही म्हणणार नाही."

मला वाटलं ती घाबरेल. मी तर घाबरलेच. मी मनात म्हणत होते, बाई गं, राहू दे, माझ्या पापाला तू कशाला वर्ष देतेस.

ती म्हणाली, "अर्ज लिवायला कोन बसंल?"

मॅडमनी कागद पुढे केला. ती माझ्याकडे वळली, "मावशी, तुमीच लिवा. पन मी सांगीन तेवढंच."

मी लिहायला बसले. ती सावकाश, पूर्णविराम स्वल्पविराम सांगत, एकेक वाक्य सांगत गेली. माझ्या उत्तरपत्रिकेत दोन वाक्ये माझी नाहीत, ती वगळून माझे गुण पुन्हा ठरवावेत, अशी विनंती. त्यात तिने माझ्याबद्दल एक वाईट शब्द सांगितला नाही. मला फार वाटत होतं की खाली लिहावं, हिची काही चूक नाही, सगळी माझी आहे. हात तिथपर्यंत गेलासुद्धा. पण मी लिहिलं नाही. तिची सही झाली, सही म्हणजे तिचा अंगठा नव्हे, ती स्वतःचं नाव सराव करून लिहायला शिकली होती. मग मी दुसरा कागद मागून घेतला आणि माझा वेगळा अर्ज लिहिला. माझ्या मनाने, माझ्या शब्दांत. असा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते आणि तो लिहिताना मला तिच्या एकेका पेपरापेक्षा जास्त वेळ लागला.

पुढचे काही दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी रोज कोणी ना कोणी मला कामावरून काढायला येईल म्हणून दाराकडे बघायची. ती जेवायला यायची, ठरलेलं मागायची, मी ठरलेलं वाढायची. आम्ही बोलत नव्हतो.

चौकशीला तिघे जण बसले. मला विचारलं, तिला विचारलं, त्या पर्यवेक्षक सरांना विचारलं. आणि ह्या विद्यापीठाची कितीही चेष्टा केली तरी त्या दिवशी मी मनातून त्याला हात जोडले. त्यांनी तिचा पेपर रद्द केला नाही. तिने आपणहून सांगितलं, त्यामुळे फक्त ते उत्तर त्या दोन ओळी झाकून दुसऱ्या शिक्षकांकडून तपासून घेतलं. मला लेखनिकांच्या यादीतून कायमचं काढलं, ते बरोबरच होतं, पण मेसमधून काढलं नाही. आणि मॅडमनी एक नवीन नियम करून घेतला: पेपर झाल्यावर, पाकीट बंद करायच्या आधी, लेखनिकाने लिहिलेली सगळी उत्तरं विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवायची, त्यासाठी जास्तीचा वेळ द्यायचा, आणि तिसरं माणूस हजर ठेवायचं. मॅडम मला म्हणाल्या, "हे तुमच्याच त्या ओळींवरून सुचलं हो. सही करायच्या आधी वाचून घ्या." मला हसावं का रडावं कळेना.

समिती आली तेव्हा मॅडमनी त्यांना तीच झेरॉक्स दाखवली, रेघ मारलेली, आणि दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. साहेबांचा जीव खालीवर होत होता. समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दोन्ही अर्ज दोनदा वाचले आणि जेवणात माझ्या मासवडीचा रस्सा मागून घेतला. विद्यापीठाला काय श्रेणी मिळाली ते मला नीटसं कळलं नाही. चांगली मिळाली म्हणतात. मोठे साहेब लोक बरेच दिवस खुशीत होते.

त्या उत्तराचे तिचे दोन मार्क कमी झाले. कोल्हारची पोरगी पहिली आली, ही दुसरी.

फलकावरचा फोटो बदलायला माणूस शिडी घेऊन आला तेव्हा मी तिथेच होते. मुद्दाम थांबले होते. फलकावर फक्त पहिल्या नंबराला जागा असते. एवढा मोठा फलक, दत्तक गावाचा फोटो, झाडांचा फोटो, कारंजाचा फोटो, आणि दुसऱ्या नंबराला वीतभर जागा नाही, याचा मला असा राग आला की मी शिडीवरच्या माणसाशीच भांडले. तो बिचारा म्हणाला, "मावशी, मला काय बोलताय, मी खिळे ठोकनारा." त्याने तिचा फोटो खाली काढून भिंतीला टेकवून ठेवला. तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. ती एम.ए.चा वर्ग सुटून येत होती.

"काय चाललंय मावशी, कुनाशी भांडताय?"

"कुनाशी न्हाई."

"काढला का फोटो?"

ती जवळ आली, भिंतीला हात लावत खाली वाकली, तिला तो सापडला. काचेवरून तिने हात फिरवला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्या क्षणी मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. मी म्हणाले, "पोरी, माझ्यामुळं झालं गं. तुझा नंबर मी घालवला."

तिने फोटो उचलून काखेत धरला. मग माझा हात चाचपून घेतला, इतक्या वर्षांत तिने माझा हात पहिल्यांदाच आपणहून धरला होता, आणि म्हणाली, "रडू नका, मावशी. दुसरी आले. पन आता जी आले, ती मी आले."